सात मिनिटांचा आरसा

लहान मुलांना दूरदर्शनसंचासमोर बसवून आई स्वयंपाकघरात वळते, वडील हातातल्या कामाकडे पाहू लागतात, हे आजच्या घराघरांतील नित्याचे दृश्य आहे. मुलांसाठी लावलेला कार्यक्रम मोठ्यांनी पाहावा अशी कोणाची अपेक्षा नसते. परंतु गेल्या काही वर्षांत एका व्यंगचित्र मालिकेच्या बाबतीत निराळेच घडू लागले. मुले खिदळत असताना मागे उभे असलेले आईवडील काम विसरून पाहत राहिले, भाग संपला तेव्हा त्यांचेच डोळे पाणावलेले होते, आणि कित्येकांनी मुले झोपल्यानंतर तो भाग पुन्हा लावला. ही मालिका आहे एका कुत्र्यांच्या कुटुंबाची. तिचे नाव ‘ब्लुई’.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील ब्रिस्बेन शहरात ती तयार झाली आणि १ ऑक्टोबर २०१८ रोजी एबीसी या तेथील सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या बालवाहिनीवर तिचा पहिला भाग दाखवला गेला. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या मुलांसाठी काढलेली ही मालिका पुढे डिस्ने कंपनीमार्फत जगभर पोहोचली. नील्सन या प्रेक्षकमापन संस्थेच्या हिशेबानुसार २०२४ या वर्षी अमेरिकेत इंटरनेटवरील प्रक्षेपणसेवांवर सर्वांत अधिक काळ पाहिली गेलेली मालिका हीच होती. प्रेक्षकांनी तिच्यासमोर घालवलेला वेळ भरला सुमारे ५,५६२ कोटी मिनिटे. मोठ्यांच्या गुन्हेकथा, वैद्यककथा आणि प्रेमकथा मागे पडल्या आणि सहा वर्षांची एक निळी कुत्री पुढे गेली. लोकांनी तिच्यात असे काय पाहिले, हा प्रश्न म्हणूनच मनोरंजनापुरता उरत नाही. पालकपणाविषयी आजच्या पिढीच्या मनात काय चालले आहे, त्याचे उत्तर या प्रतिसादांत सापडते.

हीलर कुटुंब

मालिकेतील घर साधे आहे. ब्लुई ही सहा वर्षांची थोरली मुलगी, बिंगो ही चार वर्षांची धाकटी. वडिलांचे नाव बँडिट. ते व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ आहेत. कुत्र्याने जमीन उकरून जुनी हाडे शोधावीत यातील विनोद मोठ्यांना चटकन कळतो. आई चिली विमानतळावर सुरक्षा तपासणीचे काम करते. ‘ब्लू हीलर’ ही ऑस्ट्रेलियातील गुरे हाकणाऱ्या कुत्र्यांची जात; तिच्यावरूनच कुटुंबाचे आडनाव हीलर. प्रत्येक भाग सुमारे सात मिनिटांचा. कथेत खलनायक नाही, जादूची शस्त्रे नाहीत, जगाला वाचवण्याची मोहीमही नाही. फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही, एवढ्याशा खेळावर एक संपूर्ण भाग उभा राहतो. दुसऱ्या एका भागात मुले बागेत फक्त सावल्यांवरच पाय ठेवत चालतात. ज्यांनी लहानपणी ‘ऊन-सावली’ किंवा ‘दगड का माती’ हे खेळ खेळले आहेत, त्यांना ते पाहताना आपले अंगण आठवल्याशिवाय राहत नाही.

मालिकेचे निर्माते जो ब्रम हे स्वतः दोन मुलींचे वडील. त्यांनी मुलाखतींतून सांगितल्यानुसार, थोरली मुलगी औपचारिक शिक्षणाच्या वर्गात गेली आणि तिच्या दिवसातून खेळ अचानक काढून घेतला गेला. त्यामुळे मुलीत झालेला बदल पाहून ते अस्वस्थ झाले आणि खेळाविषयी वाचू लागले. मूल खेळताना वेळ वाया घालवत नाही, ते आपली पाळी येईपर्यंत थांबायला, हरायला, दुसऱ्याचे मन जाणायला शिकत असते, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. ब्रिस्बेनमधील लूडो स्टुडिओने तो पडद्यावर आणला. मालिकेतील बालपात्रांचे आवाज प्रत्यक्ष लहान मुलांचेच आहेत. मात्र त्यांची नावे जाहीर केली जात नाहीत. कीर्तीचे ओझे कोवळ्या खांद्यांवर पडू नये म्हणून घेतलेली ही काळजी पालकांना विशेष भावली.

मुलांनी काय घेतले

मुलांचा प्रतिसाद सर्वांत सरळ होता: त्यांनी पाहिले आणि खेळायला सुरुवात केली. फुगा हवेत ठेवण्याचा खेळ, वाद्य वाजताच समोरच्याने पुतळ्यासारखे स्तब्ध व्हायचे हा खेळ, रुग्णालयाचा खेळ असे पडद्यावरचे कितीतरी खेळ दिवाणखान्यात आले. या खेळांना महागडी खेळणी लागत नाहीत. उशी, चादर, खोके आणि थोडा वेळ असलेला एक मोठा माणूस एवढे साहित्य पुरते. आपल्याकडील भातुकलीत बाटलीच्या झाकणाची परात आणि पानांची भाकरी होत असे, त्याच जातीचे हे खेळ आहेत.

दुसरा परिणाम भाषेवर झाला. अमेरिकेतील अनेक पालकांनी कौतुकाने आणि काहीशा गोंधळाने सांगितले की, त्यांची मुले ऑस्ट्रेलियन धाटणीने बोलू लागली आहेत. न्याहारीला आणि शौचालयाला त्यांच्या तोंडी ऑस्ट्रेलियातील बोलीचे शब्द आले. एरवी अमेरिकन चित्रपट आणि मालिका यांच्यामुळे साऱ्या जगाची बोली बदलते. येथे प्रवाह उलटा वाहिला. दूरच्या एका शहराने आपले उच्चार, आपली उष्ण हवा, उंच खांबांवर उभी असलेली आपली लाकडी घरे आणि आपले पक्षी यांतले काहीही न लपवता दाखवले, आणि जगाने ते तसेच स्वीकारले. आपली बोली मुलांच्या कार्यक्रमासाठी ‘सोज्ज्वळ’ करून घ्यावी लागते असे मानणाऱ्यांना हा धडा आहे.

तिसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. निळा रंग पाहून असंख्य प्रेक्षकांनी ब्लुईला मुलगा मानले. कित्येक पालकांना अनेक भाग पाहून झाल्यावर उमगले की ती मुलगी आहे. मुलांना या शोधाचे फारसे नवल वाटले नाही. गोंधळ उडाला तो मोठ्यांचा. निळा मुलाचा आणि गुलाबी मुलीचा ही वाटणी किती खोल रुजली आहे, हे एका व्यंगचित्राने कोणताही उपदेश न करता दाखवून दिले.

मोठ्यांचे अश्रू

या मालिकेची कीर्ती खऱ्या अर्थाने पसरली ती मोठ्यांच्या डोळ्यांतील पाण्यामुळे. ‘स्लीपीटाइम’ या भागात धाकटी बिंगो रात्रभर स्वतःच्या पलंगावर झोपण्याचा निश्चय करते. तिच्या स्वप्नात ती ग्रहताऱ्यांमधून तरंगत असते. दरम्यान प्रत्यक्ष घरात पाणी मागणारी ब्लुई, पलंग बदलणारे वडील आणि झोपेतून सारखी उठणारी आई यांची रात्रीची धावपळ चालू असते. संवाद अगदी थोडे. पार्श्वभूमीला गुस्ताव होल्स्ट या संगीतकाराच्या ‘द प्लॅनेट्स’ या रचनेतील गुरू ग्रहावरच्या सुरांवर आधारलेले संगीत. स्वप्नातील सूर्याची ऊब आईच्या कुशीची ऊब होऊन मुलीपर्यंत पोहोचते. हा भाग मुलांना अवकाशाची मौज वाटला. ज्या आईवडिलांनी वर्षानुवर्षे अशा रात्री काढल्या होत्या, त्यांना त्यात आपल्या जागरणांचे मोल कोणीतरी जाणल्यासारखे वाटले.

‘बेबी रेस’ या भागाने मातांना गाठले. ब्लुई तान्ही असताना इतर बाळे रांगू लागली, चालू लागली, आणि आपलीच मुलगी मागे का, या काळजीने चिली कशी झुरत होती, याची ही आठवण. इतर मातांमध्ये मिसळणेच ती सोडून देते. शेवटी नऊ मुलांची आई असलेली एक शेजारीण तिच्या घरी येते आणि तू उत्तम करते आहेस, अशा अर्थाचे दोन शब्द बोलते. एवढेच. ते वाक्य चिलीला उद्देशून असले, तरी असंख्य मातांनी ते स्वतःला उद्देशून ऐकले. ‘शेजारचा चालायला लागला, तुमचा अजून नाही?’ या प्रश्नाचा घाव जिने सोसला आहे, तिला ही कथा परदेशातील वाटणार नाही.

‘कॉपीकॅट’ या भागात ब्लुई आणि तिच्या वडिलांना फिरताना जखमी अवस्थेतील एक बजरीगर पक्षी दिसतो. ते त्याला पशुवैद्याकडे नेतात, पण तो वाचत नाही. घरी आल्यावर ब्लुई आईबरोबर त्याच प्रसंगाचा खेळ मांडते. आई मायेने खेळातल्या पक्ष्याला वाचवू पाहते. ब्लुई मात्र जसे घडले तसेच घडवा असा आग्रह धरते. दुःख झाकण्याची घाई मोठ्यांना असते, मूल ते खेळून पचवू पाहते, हे सात मिनिटांत उमगल्याने अनेक पालक अंतर्मुख झाले. घरात मृत्यू घडला की मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवण्याची आपली रीत किती योग्य, हा प्रश्न त्यातून सहज उभा राहतो.

‘वनझीज’ या भागात चिलीची बहीण ब्रँडी बऱ्याच काळानंतर भेटीला येते. ती इतके दिवस का आली नाही, असे ब्लुई विचारते. मावशीला एक गोष्ट मनापासून हवी आहे आणि ती तिला मिळणे शक्य दिसत नाही, एवढेच आई सांगते. अपत्यप्राप्तीचा उल्लेख शब्दांनी कोठेच नाही. मुलांना त्यातील पोशाखांची गंमत दिसली. जी दांपत्ये या वेदनेतून गेली होती त्यांनी मात्र हा भाग हृदयाशी धरला. सणासमारंभात ज्यांच्याकडे पाहून प्रश्न विचारले जातात किंवा मुद्दाम नजर चुकवली जाते, त्यांच्या दुःखाला लहान मुलांच्या कार्यक्रमात एवढ्या आदराने जागा मिळावी, याचे त्यांना अप्रूप वाटले.

आक्षेपांची बाजू

प्रतिसाद केवळ कौतुकाचा होता असे नाही. २०२० मध्ये दोन भागांतील एका शब्दप्रयोगावर तक्रार आली. पात्रे खेळता खेळता जे निरर्थक शब्द उच्चारत होती, त्यांचा वापर पूर्वी ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांना हिणवण्यासाठी होत असे. तो उच्चार निर्मात्यांनी हेतुपुरस्सर वापरला नव्हता. तरीही एबीसीने दिलगिरी व्यक्त केली आणि ते भाग दुरुस्त करून पुन्हा उपलब्ध केले. ज्याच्या कानाला शब्द बोचतो, त्याच्या कानाने तो एकदा ऐकून पाहावा, एवढी समज त्या दुरुस्तीत होती.

२०२१ मध्ये एका पत्रकार मातेने निराळा प्रश्न उपस्थित केला. या जगात नाना जातींचे कुत्रे आहेत, पण आधुनिक ऑस्ट्रेलियात दिसणारी कुटुंबांची विविधता त्यात पुरेशी उतरली आहे का, अशी तिची विचारणा होती. तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. ‘कुत्र्यांच्या गोष्टीतही भेद शोधता’ असे तिला सुनावले गेले. परंतु आपल्या मुलाला पडद्यावर आपल्यासारखे घर दिसावे, ही आईची इच्छा हास्यास्पद म्हणता येत नाही. २०२२ मध्ये आलेल्या ‘टर्टलबॉय’ या भागात हाताच्या खुणांची भाषा बोलणारा एक बहिरा मुलगा आला, तेव्हा बहिऱ्या मुलांच्या कुटुंबांनी त्याचे ज्या आनंदाने स्वागत केले, त्यावरून या इच्छेचे बळ कळते.

सर्वांत मोठी चर्चा २०२३ मधील ‘एक्सरसाइज’ या भागावर झाली. मूळ रूपात बँडिट सकाळी वजनकाट्यावर उभा राहतो, आकडा पाहून सुस्कारा टाकतो आणि पोटाची वळी चिमटीत धरतो. मुले आपल्या शरीराविषयीची लाज घरातल्या मोठ्यांच्या अशाच सहज उद्गारांतून शिकतात, असा आक्षेप अनेक पालकांनी आणि आहार व मानसिक आरोग्य या क्षेत्रांतील जाणकारांनी घेतला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते की, वडिलांनी व्यायामाचा विचार करणे यात गैर ते काय? प्रत्येक घरात जे घडते ते दाखवले तर बिघडले कोठे? अखेर वजनकाट्याचे दृश्य वगळून भागाची सुधारित आवृत्ती प्रसारित झाली. निर्माते नमले म्हणून काहींनी नाराजी व्यक्त केली, तर ऐकून घेतले म्हणून काहींनी समाधान.

या वादात दोन्ही बाजूंकडे सत्याचा अंश होता. व्यायामाची गोडी लावणे इष्टच. परंतु ती शरीराच्या तिरस्कारातून लावली तर मुलाच्या मनात तिरस्कार उरतो आणि व्यायाम निघून जातो. आपल्या घरांतही ‘किती जाड झालीस’, ‘किती वाळलास’ ही वाक्ये जिव्हाळ्याच्या आवरणात सर्रास बोलली जातात. बोलणारा ते विसरतो; ऐकणारे मूल विसरत नाही. एका व्यंगचित्रातील काही क्षणांच्या दृश्याने हा विषय घराघरांत निघाला, हेच या वादाचे मोठे फलित म्हणावे लागेल.

बँडिटशी तुलना

सर्व प्रतिसादांत एक सूर असा होता की त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. तो होता वडिलांचा. व्यंगचित्रांतील पिता बहुधा वेंधळा, आळशी किंवा घरात केवळ हशा पिकवण्यापुरता असतो. बँडिट तसा नाही. तो स्वयंपाक करतो, कपडे वाळत घालतो, मुलींना शाळेत सोडतो आणि मुख्य म्हणजे खेळतो. मुलींनी घोडा म्हटले की तो घोडा होतो, रुग्ण म्हटले की पडून राहतो, पुतळा म्हटले की चार लोकांत ताटकळत उभा राहतो. अनेक पुरुषांनी उघडपणे मान्य केले की, आपल्या वडिलांनी आपल्याशी असे कधी खेळले नाही आणि मुलांशी कसे खेळावे हे आपण या निळ्या कुत्र्याकडून शिकत आहोत.

याच कौतुकाच्या पोटी एक खंतही होती. दिवसभर राबून, गर्दीतून प्रवास करून घरी आलेल्या पित्याला बँडिट पाहिला की आपण कमी पडतो असे वाटू लागते. काहींनी चेष्टेच्या सुरात तक्रार केली की या कुत्र्याने सगळ्या वडिलांची पंचाईत करून ठेवली आहे. मातांनीही आपल्या संयमाची चिलीच्या संयमाशी तुलना केली आणि स्वतःला नापास ठरवले. काही समीक्षकांनी उलट टोकाला जाऊन बँडिट मुलींची फार थट्टा करतो, असेही म्हटले. एकाच पात्राने काहींना आदर्श पित्याचे ओझे दिले आणि काहींना बेजबाबदार पित्याचे उदाहरण.

येथे एक विसंगती दिसते. ‘बेबी रेस’ने ज्या दुखण्यावर बोट ठेवले, तेच दुखणे प्रेक्षक मालिकेच्या बाबतीत पुन्हा ओढवून घेत होते. आपल्या बाळाची शेजारच्या बाळाशी तुलना करू नये, हे पटून डोळे पुसणारी आई दुसऱ्याच क्षणी आपली तुलना कागदावर रेखाटलेल्या आईशी करू लागली. तुलनेची ही सवय इतकी खोल आहे की तिच्यावरचे औषधही ती तुलनेसाठीच वापरते.

वस्तुतः मालिकेतच याचे उत्तर आहे. नववर्षाच्या रात्रीच्या मेजवानीनंतर गळून गेलेले आईवडील सोफ्यावरून उठायला तयार नाहीत, असा एक भाग आहे. दुसऱ्या एका भागात चिली स्पष्ट सांगते की तिला वीस मिनिटे कोणीही जवळ नको आहे; आणि आईला एकटे राहावेसे वाटणे म्हणजे तिचे प्रेम आटणे नव्हे, हे मुलींना समजून घ्यावे लागते. बँडिटही अनेकदा टाळाटाळ करतो, चिडतो, चुकतो आणि मग मुलींपाशी परत येतो. शिवाय प्रेक्षकाला त्याच्या दिवसातील सातच मिनिटे दिसतात. उरलेल्या वेळात तोही कार्यालयात असेल, पेंगत असेल किंवा बिले भरत असेल. कोणत्याही साधारण पित्याच्या दिवसातील उत्तम सात मिनिटे निवडून त्यांना संगीत दिले, तर तोही आदर्शच दिसेल.

घरासमोरची पाटी

एप्रिल २०२४ मध्ये प्रेक्षकांच्या भावनांची कसोटी लागली. एका भागाच्या अखेरीस हीलर कुटुंबाच्या घरासमोर ‘विक्रीसाठी’ अशी पाटी दिसली आणि सर्वत्र हुरहूर पसरली. मालिका संपणार का, अशी शंका घेतली जाऊ लागली. पुढच्या आठवड्यात १४ एप्रिल रोजी ‘द साइन’ हा २८ मिनिटांचा विशेष भाग आला. वडिलांना दुसऱ्या शहरात अधिक पगाराची नोकरी मिळालेली, घर सोडावे लागणार म्हणून ब्लुई व्याकूळ, आणि घरात लग्नाची गडबड. शेवटी बँडिट ती पाटी जमिनीतून उपटून टाकतो आणि कुटुंब तेथेच राहते.

बहुसंख्य प्रेक्षक आनंदाने रडले. परंतु काही पालकांना हा शेवट बोचला. ज्यांना नोकरीपायी दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागते, त्यांच्या मुलांनी विचारले, ‘मग आपल्या बाबांनी पाटी का नाही उपटली?’ त्याच भागात ब्रँडी गरोदर असल्याचे ओझरते दिसते. ‘वनझीज’मध्ये जिच्या अपूर्ण इच्छेचा सन्मान झाला होता, तिला अखेर मूल झालेच पाहिजे का, असा प्रश्न त्या वेदनेतून गेलेल्या काहींनी केला. काहींना मात्र त्याच दृश्याने आशा दिली.

गावाकडचे घर सोडून मुंबई-पुण्याला, तेथून पुढे परदेशी गेलेल्या असंख्य मराठी कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. किती घरांतील मुलांनी निघताना उंबरठा धरून ठेवला असेल! त्यांची पाटी कोणी उपटली नाही. ती मुले नव्या गावी गेली, रुजली, मोठी झाली. गोष्टीचा शेवट गोड करणे लेखकाच्या हाती असते. जेथे आयुष्य तसा शेवट देत नाही, तेथे मुलाला जवळ घेऊन ‘आपल्याला का जावे लागते’ हे सांगण्याचे काम आईवडिलांकडेच राहते. ज्या पालकांच्या मुलांनी तो अवघड प्रश्न विचारला, त्यांना त्या निमित्ताने ते बोलण्याची संधी मिळाली.

पडदा बंद झाल्यावर

आता पुन्हा त्या ५,५६२ कोटी मिनिटांकडे वळावे लागते. प्रत्येक भाग सात मिनिटांचा धरला, तर केवळ अमेरिकेत एका वर्षात ब्लुईचे भाग सुमारे ७९५ कोटी वेळा लागले. जगाच्या लोकसंख्येच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. मुलांनी खेळावे म्हणून ज्या मालिकेचा जन्म झाला, ती इतका काळ बसून पाहिली गेली! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलांना बसून पडदा पाहायला देणे योग्य नाही आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाला एक तास, त्याहून कमी असल्यास अधिक बरे. उत्तम मालिकेलाही हा नियम सुटत नाही. खेळाचे चित्र पाहणे आणि खेळणे यांत, जेवणाचे वर्णन ऐकणे आणि जेवणे यांत असते तेवढे अंतर आहे.

ही मालिका पुढेही वाढत राहणार आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेनमध्ये हीलर कुटुंबाच्या घराची प्रत्यक्ष प्रतिकृती असलेले स्थळ प्रेक्षकांसाठी खुले झाले. २०२७ मध्ये चित्रपट येणार असल्याचेही जाहीर झाले आहे. बाहुल्या, पुस्तके, कपडे यांचा बाजार तर भरलेलाच आहे. मुले त्यांतील काही मागतील, पालक काही घेऊन देतील. परंतु लाखो प्रेक्षकांनी ज्या गोष्टीसाठी अश्रू ढाळले, ती या बाजारात मिळणारी नाही. त्यांना रडू आले ते कोणीतरी आपल्या मुलाच्या खेळात मनापासून सामील होताना पाहून. आणि ते प्रत्येक घराच्या आवाक्यातले आहे.

त्यासाठी दिवसभर घोडा होण्याची गरज नाही. संध्याकाळी घरी आल्यावर भ्रमणध्वनी कपाटात ठेवून मुलाने मांडलेल्या भातुकलीतली रिकाम्या वाटीतील आमटी एकदा चाखावी, मीठ कमी आहे म्हणावे, पुन्हा वाढायला सांगावे. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना पाहुणे करावे. त्यांना या खेळाचे नियम नातवंडांहून अधिक पाठ असतात. थकवा असेल तर तसे सांगावे आणि उद्याचे वचन द्यावे. मात्र दिलेले वचन पाळावे. मूल हिशेब ठेवते ते या वचनांचा. बँडिट किती तास खेळला, हे त्याच्या गावीही नसते.

सात मिनिटे ही फार नाहीत. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तेवढी सहज जातात. पडद्यावरचे घर बंद झाल्यावर त्याच वेळात आपल्या घरात एक फुगा हवेत ठेवता येतो, आणि तो खाली पडू नये म्हणून धावणाऱ्यांत आई, बाबा, आजी कोणीही असू शकते.